वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

साताऱ्यात सरकारी कचेरीच्या कुंपणालगत, करंजाच्या झाडाखाली माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यातील शब्द आजवर एकाही साहेबाने खोडलेला नाही, हे अभिमानाने नमूद करतो. या टेबलाचा नियम एकच. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला, त्याच्या कानापुरता, संपूर्ण वाचून दाखवायचा. त्याने "व्हय, आसंच हाय" म्हटल्याशिवाय सही घ्यायची नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्या शब्दांत मांडायचे, तर आधी ते त्याच्यापुढे ठेवणे भाग आहे.

गेल्या हिवाळ्यात नाट्यशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. सांगलीत एकपात्री स्पर्धा होती आणि तिला अर्ज लिहिणाऱ्या माणसाचे पात्र उभे करायचे होते.

"काका, मी नुसती बसून बघते. तुमची बसण्याची ढब, बोलणं, सगळं."

कला आपण होऊन माझ्या टेबलापर्यंत चालत आली, याचे मला समाधान वाटले. मी शेजारच्या चहाच्या टपरीवरून तिच्यासाठी स्टूल मागवले. चार दिवसांत ती माझ्यासारखीच खाकरू लागली, चष्मा कपाळावर ढकलू लागली. टपरीवाला हसून म्हणाला, "आवं भाऊ, आता तुमी घरी ऱ्हायलासा तरी टेबल चालू ऱ्हातंय!"

त्याच आठवड्यात उंब्रजकडची एक बाई आली. नवरा सैन्यात. त्याने नोकरीच्या ठिकाणी दुसरा संसार थाटला होता आणि घरी पैसा व फोन दोन्ही बंद केले होते. त्याच्या पगारातून पोटगी मिळावी, असा अर्ज त्याच्या पलटणीच्या साहेबांकडे करायचा होता. स्टुलावरच्या मुलीकडे पाहून ती अडखळली. "आपल्यातलीच आहे, बोला," असे मी सांगितले.

"दादा, गावात कुणालाच म्हाईत न्हाई. नळावर बाया इच्यारत्यात, आला का गं फोन? म्हून रोज सांजच्याला आंगणात उभी ऱ्हाती आन् बंद फोनवर बोलती. मोठ्यानं. जेवला का म्हणती, हिकडची काळजी करू नका म्हणती. म्हातारी सासू उंबऱ्यात बसून ऐकती. तिला तेवढाच आधार."

हे अर्जात घालण्याचे कारण नव्हते. मी घातले नाही. पक्की प्रत ऐकून सही करण्यासाठी तिला पुढच्या सोमवारी बोलावले.

मधल्या रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून सांगलीला गेलो. नाट्यगृह भरलेले होते. रंगमंचावर टेबल असेल, चष्मा असेल, असे धरून मी बसलो होतो. पडदा वर गेला. मोकळे अंगण, डोक्यावर पदर घेतलेली ती मुलगी आणि कानाला फोन.

"जेवलासा का? हिकडची काळजी करू नगासा!"

लोक हसले. तिने आवाज चढवला, ते आणखी हसले. मग फोन बंद असल्याचे तिने दाखवले आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणले. ती हुंदके देत राहिली. माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "काय जिवंत काम आहे!" मला शिसारी आली. खरकट्या पानातला घास उचलून नैवेद्य म्हणून मिरवावा, तसे ते होते.

प्रयोगानंतर मी आत गेलो. गालांवर काजळाचे ओघळ तसेच होते आणि ती मूठ भरून भडंग खात होती.

"काका! पहिला नंबर! पुढच्या रविवारी उंब्रजला प्रयोग लागलाय."

"उंब्रजला? तिचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे."

"पण मी नाव कुठं घेतलंय?"

"अंगण ओळखायला गावाला नाव लागत नाही."

"अहो, लोक तिच्यासाठी रडले. तिला कळलं तर बरंच वाटेल."

तिच्या ओठाला चिकटलेला चुरमुरा पाहत मी म्हणालो, "माझ्या टेबलाचा नियम तुला ठाऊक आहे. उद्या ये आणि तिला वाचून दाखव."

ती खरोखरच आली, आणि उत्साहाने आली. बाई येताच तिने स्पर्धेचे आणि उंब्रजच्या प्रयोगाचे सांगितले, आणि स्टुलावर बसूनच, हलक्या आवाजात, सगळे करून दाखवले, हुंदक्यांसहित. बाईने मध्ये एकदाही पापणी लववली नाही.

"आसंच हाय," ती म्हणाली. "पर मी रडत न्हाई. रडल्यावर सासूला कळंल की." मग मान एका बाजूला कलवून, पदराचे टोक बोटाला गुंडाळत तिने विचारले, "ह्ये लोकांम्होरं केलंसा? आता आंगणात काय बोलू मी?"

मुलगी ओशाळली. "उंब्रजचा प्रयोग नाही करणार, ताई. शब्द देते."

बाईने माझ्याकडे पाहिले. "आर्जात हाय का ह्ये?"

"नाही."

"मग वाचा. आदी हिला लांब बसवा."

मुलगी उठून टपरीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मी अर्ज वाचू लागलो. उंब्रजचा प्रयोग तिने पुढे खरोखर रद्द केला, तेवढा शब्द पाळला. परंतु वाचता वाचता मी सहज मान वर केली, तेव्हा कट्ट्यावर तिची मान एका बाजूला कललेली होती. ओढणीचे टोक तिने बोटाला गुंडाळले होते, आणि ओठ आवाज न करता हलत होते. आता आंगणात काय बोलू मी. पुन्हा. मग जरा सावकाश, पुन्हा.

बाईची तिकडे पाठ होती. मी वाचन न थांबवता पायाने मुलीचे रिकामे स्टूल टेबलाखाली ओढून घेतले.