वाळलीस गो

लठ्ठपणावरच्या संशोधनाचा आराखडा मी पुन्हा एकदा लिहीत होते. त्याला मंजुरी देणाऱ्या समितीला दर खेपेस नवी शंका सुचायची. माणसं किती घेणार, आहार कुणाला सांगणार, नुसतं वजन कुणाचं घेणार, मध्येच सोडून जाणाऱ्यांचं काय. ती शेवटची शंका मी 'पाऊस, भातलावणी, मुंबईला जाणं' एवढ्यावर निकालात काढली होती. रत्नागिरीत इतकी वर्षं काढल्यावर इथलं सगळं आपल्याला कळतं असं वाटायला लागतं.

मुख्य अभ्यासाआधी चाचणी म्हणून चिपळूणकडच्या एका गावातल्या काही बायका घेतल्या. त्यातली एक मला फार आवडायची. चाळिशीची, उठता-बसता गुडघे धरणारी, नवरा मुंबईला कामाला. सांगितलं तेवढं सगळं तिने निमूट केलं. ताटातला भात कमी केला, संध्याकाळी चढणीच्या रस्त्याने चालू लागली. तिचं वजन असं उतरत गेलं की मी मनातल्या मनात पेपर लिहायलाही घेतला.

गणपती झाले आणि ती यायची बंद झाली. फोनही उचलेना. शेवटी एसटीत धक्के खात मीच गेले. वजनकाट्याच्या पिशवीने खांदा भरून आला होता, आणि खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता.

ओटीवर नवरा बसला होता. रजा वाढवून राहिला होता. गणपतीत घरी आलेला जो तो तिला 'वाळलीस गो' म्हणाला होता. त्याची आई अशीच वाळत गेली आणि वारली. सरकारी डॉक्टरीण दर महिन्याला बायकोचं वजन घेते, म्हणजे आपल्यापासून काहीतरी लपवलंय, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. मी रिपोर्ट दाखवले. वजन उतरावं म्हणूनच हा सगळा खटाटोप, हे परोपरीने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"मॅडम, तिला काय झालाय ता मना खरा सांगा."

मी आधीच थकले होते. उरलंसुरलं अवसानही तिथे गेलं.

ती मला पाखाडीच्या खाली सोडायला आली. दगडी पायऱ्या ती भराभर उतरली, गुडघ्याला हात न लावता. मागून मीच धापा टाकत होते. ते मुंबईला गेले की पुन्हा सुरू कर, असं मी म्हटलं. शिमग्याला ते परत येणारच, असं ती म्हणाली. मग हळूच बोलली.

"मी आता पोटभर जेवते, मॅडम. गुडघे दुखतील तर दुखूदेत. ह्यांना रात्री झोप तरी लागल."

चाचणीच्या अहवालात मी तिच्या नावापुढे 'कौटुंबिक कारणाने सोडले' असं लिहिलं. या वेळी समितीला काहीच शंका आली नाही.