आईचा ट्रक गावात शिरताना का अडखळायचा

आईचं उजवं मनगट मोडलं ते इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात. प्लास्टर निघालं, पण हात आखडलेलाच राहिला. दवाखान्यातून मनगट फिरवायचे व्यायाम दिले होते. ते ती टीव्ही बघता बघता चार वेळा करायची आणि विसरून जायची. म्हणून मी एक सेकंडहँड गेमचं स्टिअरिंग आणलं, माझ्या कामाच्या टेबलाला घट्ट आवळलं आणि ट्रक चालवायचा गेम लावून दिला.

आईची सगळी नोकरी पोस्टात क्लार्क म्हणून गेली. साधी मोपेडसुद्धा तिने कधी चालवली नव्हती. पहिल्या दिवशी ट्रक भिंतीत घातला, दुसऱ्या दिवशी नदीत. पण महिन्याभरात ती घाटातली वळणं अशी घ्यायला लागली की मी ऑफिसहून आल्यावर मागे उभी राहून नुसती बघत राहायचे. दुपारचं जेवण झालं की बाईसाहेब निघाल्या माल पोचवायला. हातही सुटत चालला होता.

मी घरांच्या सजावटीची चित्रं कॉम्प्युटरवर बनवते, ऑफिसात आणि रात्री घरीही. सोफा कुठे, उजेड कुठून, ते ग्राहकाला खऱ्यासारखं दाखवायचं काम. जुन्या ग्राफिक्स कार्डला ते झेपेना, म्हणून नवीन घेतलं आणि स्वतःच बसवलं. माझं काम पळायला लागलं. आईच्या गेमचीही चित्रं मी सगळ्यात वरच्या दर्जावर नेऊन ठेवली. डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसायला लागली. आई म्हणाली, "अगंबाई, पानं हलतायत!"

आणि चार दिवसांनी तिने खेळणं बंद केलं.

मी विचारलं तर आधी म्हणाली, कंटाळा आला. मग माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी भाजी निवडताना खाली बघतच म्हणाली, "हात थरथरतोय माझा. वळणावर स्टिअरिंग धरवत नाही. ट्रक झटके खातो."

"दुखतं?"

"दुखत नाही. पण झटके खातो ना."

मी उठले आणि स्वतः चालवून बघितलं. एका गावात शिरले आणि ट्रक अडखळला. चित्र क्षणभर थांबायचं, मग उडी मारून पुढे जायचं. मी तिला हाक मारली.

"बघ. आता हात माझा आहे. तरी अडखळतो. तुझ्या मनगटाचा काही संबंध नाही."

"मग नवीन कार्ड खराब निघालं?"

"ते शोधते मी."

दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कार्ड नवीन आणि प्रोसेसर जुना, म्हणजे असं होणारच. तोही बदलून टाका." असेलही. पण न बघता बदलायला माझी तयारी नव्हती. एखाद्या चित्रात उजेड चुकला की मी सगळे दिवे एकदम हलवत नाही. एक दिवा हलवायचा, बघायचं, मग दुसरा. इथेही तसंच करायचं ठरवलं. मला सापडणार याबद्दल शंका नव्हती, फक्त वेळ किती लागेल ते माहीत नव्हतं.

"आधी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाकते," मी म्हणाले.

"म्हणजे मला?"

कार्डाशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ड्रायव्हर म्हणतात, हे समजावून सांगेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. जुन्या कार्डाचं उरलंसुरलं सगळं काढलं, नवीन घातलं. झटके तसेच. मग वाटलं, तापत असेल. कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन समोर लावला. कार्ड गारच होतं. झटके तसेच.

आई स्टिअरिंगवर बसली होती. ती म्हणाली, "हायवेला काही होत नाही. गाव आलं की अडखळतो. गाव संपलं की सुरळीत."

मी तिला थांबवलं. "मागे फिर. त्याच गावातून परत जा."

ती कुरकुरली, कारण माल उशिरा पोचला तर पैसे कापतात, पण फिरली. या वेळी ट्रक सरळ गेला. एकही झटका नाही. मी तिला पुढच्या नव्या गावात पाठवलं. झटके. त्याच गावातून परत. काहीच नाही.

झाकण उघडंच होतं; मी टेबलफॅन बंद केला आणि कान दिला. ट्रक नव्या गावात शिरला की डब्यातून कर्रकर्र आवाज यायचा, जुन्या हार्ड डिस्कचा. मला उलगडलं. पूर्वी चित्रं हलक्या दर्जाची होती, ती जुन्या डिस्कला पुरवता येत होती. नवं कार्ड प्रत्येक घराची, प्रत्येक पाटीची भारी चित्रं मागत होतं आणि डिस्क ती वेळेवर वाचून देत नव्हती. एकदा वाचलेलं गाव कॉम्प्युटरच्या मेमरीत असायचं, म्हणून दुसऱ्या खेपेला अडचण नाही.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये दुसरी, झटपट वाचणारी डिस्कही होती, पण ती माझ्या संपलेल्या कामांनी भरलेली. ती कामं जुन्या डिस्कवर हलवली आणि गेम या झटपट डिस्कवर आणला. तोवर आईने चहा केला. तिला धीर नव्हता, कप हातात घेऊनच दारात उभी.

"बस," मी म्हणाले.

तिने कधीही न पाहिलेलं एक शहर निवडलं. पूल आला, चौक आला, दुकानांची रांग आली. चौकाच्या तोंडाशी ट्रक अगदी बारीकसा अडखळला, तेवढंच. बाकी ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा गेला. प्रोसेसर होता तोच राहिला.

आई खुर्चीत पुढे सरकून बसली आणि तिने वेग वाढवला. मी म्हणाले, "हळू." तिने ऐकलं नाही. टोलनाक्याचा दांडा वर जायच्या आत ट्रक त्यात घुसला आणि पडद्यावर दंड झळकला.

"हे माझं हं," ती खूश होऊन म्हणाली. "हे कॉम्प्युटरचं नाही."

आणि रिव्हर्स टाकला.