पिवळं जॅकेट

ओल्या प्लास्टिकचा वास आला की मला पोर्टलीश या आयरिश गावातल्या, लेकीच्या शाळेचं फाटक आठवतं. पावसात पिवळं जॅकेट घालून एक बाई गाड्या वळवत होती. माझ्या दीडशहाण्या नवऱ्याने काच खाली करून तिला फर्मावलं, "प्रिन्सिपल सरांना सांग, आमची नऊची अपॉइंटमेंट आहे."

"ग्रँड," ती म्हणाली; म्हणजे तिकडच्या बोलीत 'ठीक आहे'.

नऊला आम्ही आत गेलो, तर प्रिन्सिपलच्या खुर्चीत त्याच बाई बसल्या होत्या. मागे जॅकेट ठिबकत होतं. तरी हा महाभाग विचारतो, "सर कधी येतील?"

तेव्हा मला त्याची लाज वाटली होती. आता स्वतःचीच किळस येते. माझी आई पुण्यात मुख्याध्यापिका होती, आणि गाडीत "शाळेची वॉचमन दिसतेय, तिलाच सांग," असं मीच त्याला म्हणाले होते.