बनुबाई गोरखला परत आणायला गेल्या

सोनईत बनुबाईंचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. विहिरीवरचं इंजिन अडलं की गडीमाणसं हात टेकायची, आणि बनुबाई पदर खोचून अशा जोरात हँडल मारायच्या की ते मुकाट्यानं धडधडायला लागायचं. सासू गेली तेव्हा धाकटा दीर गोरक्षनाथ नुकता चालायला शिकला होता. त्याला त्यांनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, मॅट्रिकपर्यंत नेलं. मी त्यांच्या शेजारच्या घरात नवी सून म्हणून आले, तेव्हा गोरख नगरला नोकरीला लागलेला होता. कुठं, तर "हाटेलात."

हे हॉटेल म्हणजे स्टेशन रस्त्यावर नवं निघालेलं 'चांदणी', आणि त्यात परमिट रूम आहे, ही बातमी बाजाराच्या दिवशी गावात आली. बनुबाईंचे मालक गहिनीनाथ माळकरी. ते ओट्यावर बसून राहिले, भाकरीला हात लावीनात.

"आपल्या घरातलं पोर लोकांला दारू पाजतंय व्हय?"

"तुमी जाऊन आना त्याला," बनुबाई म्हणाल्या.

"गळ्यात माळ घालून मी तिथं पाय ठेवू? तूच जा."

माझं माहेर संगमनेरचं, शिकलेली सातवी. त्यामुळे पाट्या वाचायला सोबत म्हणून मला घेतलं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. वाटेत बनुबाई गोरखला काय काय सुनवायचं ते मला ऐकवत होत्या. घोडेगाव मागे पडेपर्यंत त्या रागावल्या होत्या, पुढं त्यांचा डोळा लागला.

'चांदणी'च्या दारात मिशाळ दरवान होता. आमची नऊवारी पाहून तो घोटाळला. बनुबाईंनी "रामराम" केला आणि सरळ आत शिरल्या. आत गारवा, जाड पडदे, आणि भर दुपारी अंधार! टेबलाटेबलावर लाल काचेचे मिणमिणते दिवे.

"लाईट गेली का वं?" बनुबाईंनी मोठ्यानं विचारलं. चारपाच माना वळल्या.

तेवढ्यात काळा कोट, गळ्यात फुलपाखरासारखी टाय, असा एक उंच पोरगा लगबगीनं आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

"वहिनी! तुमी?"

बनुबाई बघतच राहिल्या. सुनवायचं सगळं त्यांच्या तोंडातच राहिलं. "लगीन हाय का कुनाचं, एवढा नटलास ते?" एवढंच म्हणाल्या.

गोरखनं आम्हाला कोपऱ्यातल्या गुबगुबीत खुर्च्यांवर बसवलं. हॉटेलच्या मालकाला सांगून आला, की आज माझ्या घरचे पाहुणे आहेत. मग एकेक पदार्थ आणू लागला. टोमॅटोचं सूप आलं. बनुबाईंनी चमचा बाजूला ठेवून वाटी तोंडाला लावली आणि "सार बरं हाय, जिरं कमी पडलं" म्हणाल्या. नंतर नूडल्स आल्या.

"शेवया? आन् ह्यात गूळ न्हाई?"

"खारट असत्यात वहिनी. चिनी लोक खात्यात."

"म्हंजी त्यांच्याकडं गूळ न्हाई," असं म्हणून त्यांनी सगळ्या संपवल्या. तंदुरी कोंबडीवर मात्र त्या मनापासून खूश झाल्या; माळ गहिनीनाथांच्या गळ्यात होती, त्यांच्या नव्हे. मी काट्याशी झटापट करत होते. "पुष्पे, हात कशाला दिलेत देवानं?" म्हणाल्या, तेव्हा मीही काटा ठेवून दिला.

हे चाललं असताना पलीकडच्या टेबलावरून एक जाडजूड ठेकेदार चुटक्या वाजवू लागला. दुपारीच त्याला बरीच झाली होती. "ए, बर्फ मागितला तर किती वेळ?" असं ओरडत त्यानं ग्लास हिसडला आणि सगळी दारू गोरखच्या कोटावर उडाली.

बनुबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता इंजिनाचं हँडल फिरणार. पण गोरखनं पाठमोरंच हात हलवून त्यांना थांबवलं. रुमालानं कोट टिपला आणि ठेकेदाराला हळूच म्हणाला, "साहेब, रिकाम्या पोटी लागतीय तुम्हाला. आधी गरम दालफ्राय आणतो. दोन घास खा."

"मला शिकवतो?"

"शिकवत नाही साहेब. घरी वाट बघत असतील ना?"

त्या माणसानं ग्लास खाली ठेवला. गोरखनं समोर ताट ठेवलं, त्यानं खाल्लं. उठला तेव्हा झोक जात होता. गोरखनं त्याच्याकडून फटफटीची किल्ली मागून घेतली, गल्ल्यावर ठेवली, दंडाला धरून बाहेर नेलं आणि टांग्यात बसवून दिलं. जाताना ठेकेदार त्याचा हात सोडीना. "गोरखराव, चुकलं बरं का," म्हणत राहिला.

गोरख परत आला तेव्हा बनुबाईंचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या.

"गावात एका पेलेल्याला आवरायला चार गडी लागत्यात रं."

"रोजचंच हाय हे, वहिनी. तुमी मला न्यायला आलात ना?"

"आलते. पर तुला नेलं तर असल्यांना घरी कोन धाडील?" मग म्हणाल्या, "तू घेत न्हाईस ना?"

"तुमची शप्पथ."

"मग काहीतरी गोड आन."

आइस्क्रीमचा पहिला घास घेताच त्यांनी डोळे गच्च मिटले. मग दोन पेले संपवले.

घरी आल्यावर गहिनीनाथांनी विचारलं, "पोरगं कुठाय?" बनुबाईंनी चुलीपाशी बसून त्यांना सगळं सांगितलं, अगदी ठेकेदाराच्या रडवेल्या तोंडाची नक्कल करून. आधी ते तोंड फिरवून बसले होते. नक्कल झाल्यावर मात्र खुदकन हसले आणि भाकरी मागितली.

पुढच्या वर्षी गोरखच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलीच्या बापानं भीत भीत विचारलं, मुलगा नेमकं करतो तरी काय? दुसऱ्या दिवशी बनुबाई मुलीच्या आईबापांना एसटीत घालून 'चांदणी'त जेवायला घेऊन गेल्या.