रुपरावभाऊंनी जीप पारखली

माझे थोरले भाऊ रुपराव चौथीपर्यंत शिकलेले आणि मी बी.ए., बी.टी. झालेला मास्तर. त्यामुळे घरात काही मोठं घ्यायचं असलं की भाऊ आधी मला विचारत. मी दोन दिवस विचार करून सल्ला देई, आणि मग भाऊ त्यांना जे करायचं तेच करत. मला याचा राग यायचा. त्याहून जास्त राग यायचा तो त्यांचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं याचा.

नागपूरहून काटोल रस्त्यानं तासाभरावर खैरवाडीला आमचा संत्र्याचा बगीचा. मी नोकरीमुळे नागपुरात धरमपेठेत राहायला आलो आणि भाऊ बगीच्यात राहिले. बैल पारखण्यात त्या भागात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बैलबाजारात ते भल्या पहाटे जात, कारण रात्रभर बसलेला बैल सकाळी उपाशीपोटी उठतो कसा, हे त्यांना बघायचं असे. दलालानं आधीच उठवून फिरवलेल्या बैलाकडे ते ढुंकूनही बघत नसत. शिंगं साळून, तेल लावून चकचकीत केलेला बैल दिसला की म्हणत, म्हातारीनं डोळ्यात काजळ घातलं म्हणून ती नवरी होत नाही. शेवटची परीक्षा म्हणजे गाडीची चाकं साखळीनं बांधून बैलाला ती ओढायला लावायची. त्यात जो मान टाकत नाही तो आपला.

पण १९७१च्या श्रावणात या पारखीचा काही उपयोग झाला नाही. वच्छलावहिनीला, म्हणजे भाऊंच्या बायकोला, दिवस भरले होते. तिला बैलगाडीत घालून भाऊ पक्क्या सडकेकडे निघाले. बगीच्यापासून सडक दीड कोस, सगळी काळी माती, आणि मध्ये नाला. नाल्याच्या चढावर गाडी आसापर्यंत रुतली. बैलांनी जीव तोडून ओढलं, पण गाडी हलली नाही. लतिका तिथेच गाडीत जन्मली, सडकेवरून माणसं येऊन पोचायच्या आधी. दोघी वाचल्या, हे नशीब.

सव्वा महिन्यानं वहिनीनं सांगून टाकलं, "मी जिवंत राह्यली, पोरगी जिवंत राह्यली, पुष्कळ झालं. आता पानकळ्यात मी त्या नाल्याच्या पलीकडं येत नाही." आणि प्रश्न काही पावसाळ्याच्या चारच महिन्यांचा नव्हता. पोरांची शाळा असते. चौघं पोरं घेऊन ती धरमपेठेत माझ्याकडे आली, मी तिन्ही मोठ्यांची नावं माझ्याच शाळेत घातली, आणि तीन वर्षं ती तिथेच राहिली. माझ्या बायकोचा, प्रेमिलाचा, आणि तिचा जम चांगला बसला. आम्हाला मूल नव्हतं. चार पोरांनी घर डोक्यावर घेतलेलं मला आवडायचं, हे मी कबूल करतो.

भाऊ मात्र तिकडे एकटे. शनिवारी एस.टी.नं यायचे, खिशातून संत्री काढून पोरांच्या पुढ्यात ठेवायचे आणि रविवारी दुपारी परत जायचे. हाताला भाकरीचे चटके दिसायचे. एकदा जाताना ते मला म्हणाले, "वामन, घरी बैल आहेत, गडी आहेत, बगीचा आहे. पण मी तिथं राहून नाही राह्यलो गा, नुसता राखण करून राह्यलो." मी त्यांच्या हातात शिदोरी दिली.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वहिनीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. बाळंतपण आश्विनात, म्हणजे नाला अजून भरलेला असताना. भाऊंनी ठरवलं, गाडी घ्यायची. वच्छला जिच्यात भरवशानं बसेल अशी, आणि पुरं घर जिच्यात मावेल अशी.

मी अँब्यासिडर सुचवली. माणसं मावतात, मान आहे. भाऊंनी एकच विचारलं, ती नाला चढंल का. मी अँब्यासिडरचं नाव सोडलं. म्हणजे जीपच. वहिनी हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली, बैल गेला अन् झोपा केला. पण तिनं नको म्हटलं नाही, हे भाऊंनी बरोबर ऐकलं.

सीताबर्डीत एका दलालाकडे मी एक जीप बघून ठेवली होती. हिरवा कोरा रंग, मऊ गाद्या, बाजूला पडदे. मला ती फार पसंत पडली. भाऊ मला सकाळी साडेसहाला तिथे घेऊन गेले. दलालानं चावी फिरवली, गाडी एका दमात सुरू झाली, आणि मी अभिमानानं भाऊंकडे पाहिलं. भाऊंचा तळहात मघापासून बॉनेटवर होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिले आपण यायच्या आधीच उठवून ठेवलं आहे. अंग गरम आहे हिचं." मग खाली वाकून त्यांनी रंगाच्या कडेला नख लावलं. खालून गंज निघाला. दलाल म्हणाला, काकाजी, ही गाडी आहे, बैल नाही. भाऊ म्हणाले, विकणारा तर तोच आहे.

दुसरी जीप कामठी रस्त्याला दादाजी मिस्त्रीकडे होती. लष्करातून लिलावात निघालेली, रंग उडालेला, समोरचा पत्रा चेपलेला, गाद्यांच्या जागी लाकडी बाकं. मला ती उचलून भंगारात टाकावीशी वाटली. भाऊंनी बॉनेटवर हात ठेवला. गार. दादाजीनं चावी फिरवली, ती खोकली, पुन्हा खोकली, तिसऱ्यांदा उठली आणि मग एका सुरात चालत राहिली. भाऊ तिच्याभोवती तीनदा फिरले आणि मग त्यांनी दादाजीला सांगितलं, मागची चाकं साखळीनं बांधा, मला हिचा जोर पाहायचा आहे.

दादाजी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी शरमेनं कन्हान नदी कुठे दिसते का ते पाहू लागलो. हसून झाल्यावर त्यानं समजावलं की या गाडीची नुसती मागची नाही, समोरची चाकंही ओढतात. मोठ्या गिअरच्या बाजूला दोन छोटे दांडे आहेत, ते टाकले की चारही चाकं जुंपली जातात. मग त्यानं जीप वर्कशॉपमागच्या डबक्यात घातली, मुद्दाम रुतवली, दांडे टाकले आणि बाहेर काढली. फक्त एक सांगितलं, पक्क्या सडकेवर दांडे टाकायचे नाहीत, गरजेलाच टाकायचे. भाऊंनी जीप त्याच दिवशी ठरवली. पोळ्याला पंधरा दिवस होते. शेजारच्याचा ट्रॅक्टर चालवून त्यांचा हात बसलेलाच होता.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आमच्या घरची एक रीत आहे. नवा बैल घेतला की त्याला पहिल्या पोळ्यापर्यंत पुऱ्या जोरानं जुंपायचं नाही. हलकी कामं द्यायची. पोळ्याला पूजा झाली की मग तो घरचा. भाऊंनी ही रीत जीपला लावली. दोन्ही छोट्या दांड्यांना लाल फडकं गुंडाळून त्यांनी अशी गाठ मारली की ती पोरांना काय, मलाही सुटली नसती. वर मला सांगितलं, दादाजी पण तेच म्हणाला. दादाजी तसं म्हणाला नव्हता. पण भाऊंना कोण सांगणार, आणि सांगितलं तर ते ऐकणार कधी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं लोणी आणि हळद चोळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण देतात. ते घरच्या बाईनं द्यायचं. तीन वर्षं भाऊंनी ते स्वतःच उरकलं होतं. यंदा वहिनी म्हणाली, मी येते. पण एका अटीवर. खांदे शेकून अंधाराच्या आत परत धरमपेठेला. म्हणून तिनं पोरांचे कपडेसुद्धा घेतले नाहीत, एक डबा तेवढा घेतला.

आम्ही सकाळी निघालो. समोर भाऊ, शेजारी वहिनी, तिच्या मांडीवर लतिका, मागे तिघं पोरं आणि मी. सडकेवर जीप छान चालली. काळ्या मातीतही कुरकुर करत चालली. मग नाला आला. आदल्या दिवशीच्या पावसानं तो चढ लोण्यासारखा झाला होता. भाऊंनी जीप घातली, मागची चाकं जागच्या जागी फिरली, आणि जीप हळूहळू खाली बसली. बैलगाडी रुतली होती त्याच जागी.

वहिनीचा एक हात पोटावर होता आणि एक लतिकेभोवती. तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. मला वाटलं, झालं, आता ही उतरेल आणि चालत परत सडकेवर जाईल, आणि भाऊ जन्मभर राखण करत बसतील. मी भाऊंना म्हटलं, दांडे टाका ना. ते म्हणाले, मी उतरून ढकलतो, तू चाकाखाली कपाशीच्या पळाट्या टाक. मला त्यांचा इतका संताप आला की बी.ए., बी.टी.ला न शोभणारा एक शब्द तोंडात आला होता.

वहिनीनं लतिकेला माझ्याकडे दिलं. मग शांतपणे विचारलं, "फडकं काहून बांधलं आहे?"

"उद्या पोळा आहे वं," भाऊ म्हणाले. "त्याच्या आधी पुरा जोर लावत नाही. आपल्या घरची रीत आहे."

"रीत बैलाची आहे. लेकरू पोटात माह्या आहे," वहिनी म्हणाली. "चिखलासाठी घेतली ना हे? अन् चिखल आला तं तुम्ही जोर बांधून ठेवला. आश्विनात मी इथं कळा देऊन राहीन, तवा तुम्ही पंचांग पाहान का?"

भाऊंनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे, त्यातली ती एक वेळ. गाठ त्यांच्याच हातची, तरी त्यांना ती सुटेना. शेवटी वहिनीनंच दातानं ओढून ती सोडली. भाऊंनी दोन्ही दांडे टाकले. जीप घुमली, समोरच्या चाकांनी माती धरली, आणि ती एकदाही मागे न घसरता हळूहळू चढ चढून गेली. वर पोचल्यावर पोरं ओरडली. वहिनीनं ते लाल फडकं घडी करून कमरेला खोचलं.

बगीच्यात पोचल्यावर भाऊंनी जीप उलटी फिरवून तिचं तोंड सडकेकडे करून उभी केली. वहिनीची अट त्यांच्या लक्षात होती. दुपार ढळल्यावर बैलांना धुऊन आणलं. वहिनीनं एकेकाच्या खांद्याला लोणी-हळद चोळली, आणि प्रत्येकापुढे म्हणाली, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. शेवटचा बैल झाला. मी घड्याळ पाहिलं, साडेपाच. भाऊ चावी घेऊन जीपकडे गेले.

वहिनी ताट हातात घेऊनच त्यांच्या मागे गेली. चेपलेल्या पत्र्यावर तिनं हळदीची पाच बोटं ओढली, उरलेलं लोणी चोळलं, आणि भाऊंकडे न बघता जीपला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आवतण दिलं की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी करून घालावी लागते, आणि ती घालायला आवतण देणारी घरात असावी लागते. हे भाऊंना माझ्या आधी कळलं. ते जीपमध्ये बसले, ती मागेपुढे केली आणि तिचं तोंड घराकडे फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला त्यांनी टायर तपासायचं नाटक केलं.

वहिनी माझ्यापाशी येऊन थांबली. "भाऊजी," ती म्हणाली, "सोमवारी शाळेत गेले की पोरायचे दाखले काढून ठेवजा."

धरमपेठेतलं माझं घर रिकामं होणार होतं. मला वाईट वाटलं, आणि तरी मी लगेच हो म्हटलं.