हरिश्चंद्र नाव घालतो

गोडदेव गावातल्या हरिश्चंद्रसारखा भांड्यांवर नाव घालणारा भाईंदर पूर्वेत दुसरा नव्हता. स्टेशनजवळच्या हंसाबेनच्या भांड्यांच्या दुकानात तो आपलं मशीन घेऊन बसायचा. लग्नसराईत आहेराच्या ताटांवर त्याचंच अक्षर हवं म्हणून लोक ताटकळत उभे राहत.

एकोणनव्वद साली त्याला भांड्यांतून शिव्या ऐकू यायला लागल्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या. पण आमचा पठ्ठ्या जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करायचा, आणि महिन्याभरात शिव्या पुन्हा हजर. असं तीनदा झालं. मी शेजारी, त्यात तोंडाळ. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस," म्हणून त्याला झापायचो. त्याची बायको पार्वती तर गोळी कुटून आमटीत घालू लागली. त्याला ते कळलं तेव्हा त्याने घरचं जेवणच सोडलं, वडापाववर दिवस काढू लागला. गोळी का सोडतोस, हे मात्र आम्हा शहाण्यांपैकी एकानेही त्याला विचारलं नाही.

चौथ्या वेळी मी आणि पार्वती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मी तक्रारींचा पाढा वाचायला लागलो, तेवढ्यात हरिश्चंद्रने पिशवीतून एक ताट काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचं नाव पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारखं वेडंवाकडं होतं.

"गोली घेऊन घातलंय," तो म्हणाला. "गोलीनं डोकं शांत ऱ्हातं, पन हात माझा ऱ्हात न्हाय. दुकानात मना कोन बसवील?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग गोळीचं प्रमाण कमी केलं, थरथर थांबवायला दुसरी दिली आणि म्हणाले, "पुन्हा त्रास झाला तर गोळी सोडू नकोस. ताट घेऊन ये."

तो आणखी दोनदा ताट घेऊन गेला. त्यानंतर न्यायची गरज पडली नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. दुपारी डबा खाल्ला की तो दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर गोळी घेतो. परवा एका बाईने विचारलं, "कसली गोळी, भाऊ?" मी तिथेच होतो. सावरून घ्यायला 'ब्लडप्रेशरची' म्हणणार, तोच हरिश्चंद्र म्हणाला, "डोक्याची हाय. रोज घेतो. बोला, नाव काय घालू?"

बाईने लेकीचं नाव सांगितलं. त्याने ते एका दमात, सरळ ओळीत घातलं.