भावोजींना मशीन पसंत पडेना

या, जरा जवळ सरकून बसा. लोखंडाच्या दुकानाचं नाव काढलं की तुम्ही नाक मुरडता, ही सवय काही बरी नाही. वेल्डिंगच्या शेडमध्ये ऐकण्यासारखं काही नसतं, असं कोण म्हणालं तुम्हाला? आमच्या अंगणाला लागूनच ती शेड, कोन गावाच्या रस्त्यावर, आणि तिथे चहा पोचवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्या अधिकारानं सांगते, अख्ख्या भिवंडीत आमच्या भावोजींइतका चिकित्सक माणूस झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, शेड त्यांचीच. नारळ घेताना ते तो कानाशी धरून इतका वेळ हलवतात की नारळवाला मधली दोन गिऱ्हाइकं उरकून घेतो. चप्पल घ्यायला गेले की एक पायात घालून बाजाराला फेरी मारून येतात, दुसरी दुकानदाराकडे तारण. लग्नाची मुलगी तेवढी पहिल्या खेपेला पसंत केली. त्यावर माझी जाऊ म्हणते, "तेव्हा मीच जरा चिकित्सा करायला हवी होती."

अशा माणसाला लोखंड कापायची चॉप सॉ मशीन पसंत करायची होती. तीच ती, वर गोल चाक असतं आणि दांडा खाली ओढला की काकडी कापावी तसा लोखंडी अँगल कापते. तेव्हा आमच्याकडे भाताच्या खाचरांत भातापेक्षा गोडाऊनं जास्त उगवत होती. अशाच एका गोडाऊनच्या कैच्यांचं, म्हणजे छपर पेलणाऱ्या लोखंडी तिकोनी सांगाड्यांचं, काम भावोजींकडे आलं होतं. कंत्राटदारानं स्पष्ट सांगितलं, दिवाळीच्या आत मशीन लावा, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. एवढं मोठं काम शेडला कधी मिळालं नव्हतं.

भावोजींनी कापडी पिशवीत अँगलचा हातभर तुकडा घातला आणि दुकानं पालथी घातली. एका मशीनचा आवाज रडका निघाला. दुसरी पिवळी होती. "वहिनी, कावीळ झालीय तिला." तिसरीच्या ठिणग्या दक्षिणेला उडत होत्या. मी म्हटलं, "अहो, मशीन फिरवून ठेवा." तर म्हणतात, "तिचा स्वभाव कसा फिरवणार?" मोबाईल नवा नवा हातात आला होता, तेव्हा लांबच्या दुकानदारांना मशीन चालू करून फोन जवळ धरायला लावायचे आणि ओसरीवर डोळे मिटून ऐकायचे. खारबावच्या लग्नात पंगतीला बसले तेव्हा तो तुकडा मांडीवर होता. वाढणाऱ्यानं विचारलं, हे काय, तर म्हणाले, "माझाच हाय, तू भात वाढ." अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला निघालो, तर वाटेत एका वर्कशॉपपाशी टेम्पो थांबवून आत गेले. आम्ही सगळे दीड तास टॉवेल खांद्यावर टाकून टेम्पोत बसून.

लोक हसायचे. मी नाही हसले, कारण दुखणं कुठे आहे ते मला दिसत होतं. शेडमध्ये याकूबचाचा होते. भावोजी अर्ध्या चड्डीत होते तेव्हा उत्तरेकडून एक ट्रंक घेऊन आलेले. हाताच्या करवतीनं सरळ रेघ कशी कापायची ते भावोजींना त्यांनीच शिकवलं. तीस वर्षं शेडमधलं कापायचं काम चाचांचं. आता मशीन आली की ते दोन मिनिटांत होणार. मग चाचांना सांगायचं काय? भावोजींना ते सांगता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक मशीनला कावीळ होत होती.

दिवाळीला आठ दिवस राहिले. एका दुकानदारानं कंटाळून मशीनच शेडमध्ये आणून ठेवली. भावोजी तिच्याभोवती फिरले, वाकले, म्हणाले, "दांडा जरा गर्विष्ठ वाटतो." तेवढ्यात याकूबचाचा उठले. अँगल लावला, दांडा ओढला. मी चहाची किटली घेऊन तिथेच उभी होते. तुकडा पडला. चाचांनी तो गार होऊ दिला, मग काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला.

"सीधा है. रख लो."

भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले, "और चाचा, तुम क्या करोगे?"

"मैं? इसी को चलाऊँगा, बैठके. दो साल से कंधा जा रहा है मेरा. तुमको कोई मशीन पसंद ही नहीं आती."

"तो बोले क्यों नहीं?"

"मुझे लगा, बेटा, तुमको मशीन से डर लगता है. सबके सामने क्या बोलता?"

दुकानदार हसायला लागला, मग पिशवीत बिलबुक शोधू लागला. भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, चाचांच्या चहात साखर जास्त टाका." आणि नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

कैच्या वेळेत चढल्या. चाचांनी स्टुलावर बसून तो दांडा पुढे चार वर्षं ओढला, मग लेकाकडे गावी गेले. इथे असताना जेवण झालं की दुपारी एक ते दोन चाचा मशीनशेजारीच आडवे व्हायचे. ते गेले तरी भावोजी त्या तासात मशीन चालू करू देत नाहीत. गिऱ्हाईक दारात असलं तरी नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "चाक तापतं." म्हणून म्हणते, पुन्हा याल तेव्हा त्याच वेळेला या. तो एक तास शेडमध्ये बोललेलं ऐकू येतं.